पारोच्या कपाळावरची खूण: देवदास पुन्हा पुन्हा का बनतो?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की रिमेक या विषयावर एकदा बोला ना. जुना गाजलेला प्रेमपट नव्या पिढीसाठी परत बनवतात तेव्हा नेमकं काय बदलतात, आणि का बदलतात? विषय मोठा आहे. दहा सिनेमांची नावं घेऊन प्रत्येकावर दोन दोन वाक्यं बोलता आली असती, पण त्यात मजा नाही. म्हणून मी एकच गोष्ट निवडली. आपल्या देशात ती इतक्या वेळा पडद्यावर आलीय की तिचं नाव भाषेत शिरलंय. एखादा मुलगा दाढी वाढवून कट्ट्यावर एकटा बसला की आपण म्हणतो, ‘याचा देवदास झालाय.’ सिनेमा न बघितलेला माणूसही म्हणतो.

तर, देवदास.

मूळ गोष्ट शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची. बंगाली कादंबरी, १९१७ साली छापून आली. लिहिली होती त्याच्या बऱ्याच आधी, अगदी तरुणपणी, आणि ती छापायला ते स्वतः फारसे उत्सुक नव्हते. गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो, पण तिच्यातल्या काही जागा मी सावकाश सांगणार आहे. कारण रिमेक करणारे नेमके त्याच जागांवर अडखळलेत.

देवदास जमीनदाराचा मुलगा. पारो, म्हणजे पार्वती, शेजारच्या घरातली. लहानपणापासून एकत्र. लग्नाचं बोलणं निघतं आणि देवदासच्या घरचे नाही म्हणतात. का? सिनेमा बघून आपल्याला वाटतं, तो श्रीमंत आणि ती गरीब म्हणून. कादंबरीतलं कारण जास्त टोचणारं आहे. दोघंही ब्राह्मणच. पण पारोचं घर मुलीच्या लग्नात पैसे घेणाऱ्यांपैकी, म्हणजे जमीनदारांच्या नजरेत हलकं कुळ. वर अगदी शेजारचं. म्हणजे जातीच्या आतली उतरंड.

मग एका रात्री पारो एकटीच उठते आणि देवदासच्या खोलीत जाते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, त्या काळातलं बंगालमधलं खेडं, मध्यरात्र. ती जाऊन त्याला सरळ विचारते. आणि तो घाबरतो. तुला कोणी बघितलं का, उद्या लोक काय म्हणतील, हे त्याचे प्रश्न. तिला लाज वाटत नाही, त्याला वाटते. मग तो कलकत्त्याला निघून जातो आणि तिकडून एक पत्र पाठवतो, की आपल्यात तसं काही नव्हतंच. पत्र टाकल्यावर त्याला पश्चात्ताप होतो, तो परत येतो. तोवर पारोचं लग्न एका वयस्कर बिजवर जमीनदाराशी ठरलेलं असतं. देवदास म्हणतो, चल, मी आता तयार आहे. आणि पारो म्हणते, नाही. तुमच्या आईबापांना अब्रू आहे, माझ्या आईबापांना नाही का?

यावर देवदास काय करतो? हातातल्या मासे धरायच्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो. रक्त येतं. खूण राहते. आणि वर समजावतो की चंद्रावरही डाग असतोच की.

मंडळी, या जागी जरा थांबू. भारतातल्या सगळ्यात प्रसिद्ध प्रेमकथेच्या मध्यभागी काय आहे, तर मुलीने ‘नाही’ म्हटल्यावर मुलाने तिला मारलंय. आणि ती खूण पुढे प्रेमाची खूण ठरते. आता तुम्ही दिग्दर्शक आहात. तुमच्या पिढीसाठी हा सिनेमा परत बनवायचाय. या खुणेचं तुम्ही काय करणार?

प्रमथेश बरुआंपासून सुरुवात करू. त्याआधी एक मूकपट येऊन गेला होता, पण देवदास खऱ्या अर्थाने घराघरात गेला तो बरुआंमुळे. कलकत्त्याची न्यू थिएटर्स ही कंपनी. १९३५ मध्ये बंगाली देवदास, बरुआ स्वतः नायक. लगेच १९३६ मध्ये हिंदी, त्यात कुंदनलाल सैगल. तेव्हा डबिंग नव्हतं, त्यामुळे मोठ्या कंपन्या एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा चित्रित करायच्या. आपल्याकडे प्रभातही तेच करायची, मराठी आणि हिंदी. म्हणजे देवदासचा पहिला रिमेक एका वर्षाच्या आत, त्याच दिग्दर्शकाने, त्याच स्टुडिओत केला. पारो दोन्हीकडे तीच, जमुना.

बरुआ स्वतः आसाममधल्या गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातले. म्हणजे देवदास ज्या जगातला आहे ते जग त्यांनी आतून बघितलेलं. कदाचित म्हणूनच त्यांच्या सिनेमात आरडाओरडा कमी आहे. तेव्हाच्या बोलपटांवर नाटकाचा मोठा पगडा होता, नट प्रेक्षकांकडे तोंड करून मोठ्याने बोलायचे. बरुआंनी आवाज खाली आणला. सैगलची गाणीसुद्धा माणूस स्वतःशी गुणगुणतोय अशी वाटतात. आणि संकलनात त्यांनी एक नवी गोष्ट केली. शेवटी देवदास रेल्वेच्या डब्यात तापाने फणफणलाय, आणि कॅमेरा एकदम पारोच्या घरात जातो, तिकडे ती अस्वस्थ होते. परत गाडी, परत घर. मधे शेकडो मैल. आज हे आपल्याला अगदी साधं वाटतं. मालिकांनी त्याचा पार चोथा केलाय. पण १९३५ मध्ये प्रेक्षकाला असं दोन ठिकाणी एकाच वेळी उभं करणं ही मोठी उडी होती.

आणि मग ते फाटक. कादंबरीच्या शेवटी देवदास पारोच्या सासरी येऊन घरासमोरच्या झाडाखाली मरतो. तो कोण, कुठला, कोणाला माहीत नाही. त्याला जात माहीत नसलेल्या बेवारशासारखं अर्धवट जाळून टाकतात. पारोला कळतं त्यानंतर. ती धावते, घरची माणसं तिला धरून आणतात. सिनेमाने ही धाव उचलली आणि तिच्यासमोर एक भलंमोठं फाटक बंद केलं. कादंबरीत माणसं अडवतात, पडद्यावर घरच अडवतं. एवढा बदल, पण पुढच्या प्रत्येक दिग्दर्शकाला या फाटकाशी सामना करावा लागला.

बरुआंचा देवदास देशभर चालला. आणि आपल्या पुण्यात एक माणूस त्यावर वैतागला.

व्ही. शांताराम. तेव्हा ते प्रभातमध्ये होते. आज जिथे एफटीआयआय आहे, तीच जागा. देवदास बघून तरुण पोरं झुरण्याला थोर समजायला लागलीत, प्रेम फसलं की आयुष्य संपलं असं मानायला लागलीत, असं त्यांचं म्हणणं होतं. लेख लिहून निषेध करण्यापेक्षा त्यांनी सिनेमा काढला. १९३९ चा ‘माणूस’, हिंदीत ‘आदमी’. मी याला उलटा रिमेक म्हणतो. सांगाडा देवदासचा, उत्तर वेगळं.

नायक जमीनदाराचा मुलगा नाही, साधा पोलीस शिपाई. गणपत. शाहू मोडकांनी केलाय. मैना ही वेश्यावस्तीतली बाई, शांता हुबळीकर. धाडीच्या वेळी गणपत तिला वाचवतो, दोघं जवळ येतात, तो तिला आईकडे घेऊन जातो. तिथे त्या सोवळ्या, सात्त्विक घरात मैनाचा धीर सुटतो आणि ती निघून जाते. पुढे तिला छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवायला बघतो, ती नको म्हणते. तिला जन्मठेप होते. गणपत खचतो, मरायचा विचार करतो, आणि शेवटी परत ड्यूटीवर जातो. एवढंच. गणवेश घालून कामावर जाणारा माणूस, हा त्या सिनेमाचा शेवट.

यात मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. मधे एका ठिकाणी दोघांना बागेत सिनेमाचं शूटिंग चाललेलं दिसतं. नायक-नायिका झाडाभोवती लाडिक प्रेम करताहेत. गणपत आणि मैना नंतर त्यांची नक्कल करून पोट धरून हसतात. १९३९ मध्ये मराठी सिनेमा हिंदी रोमान्सची चेष्टा करतोय, बघा. आपल्याला वाटतं स्पूफ काढणं ही यूट्यूबची देणगी.

शांतारामांनी खुणेचा प्रश्न सोडवला का? एका अर्थी हो. त्यांच्या गोष्टीत मैनाचं ‘नको’ हे नको म्हणूनच राहतं, त्याबद्दल तिला कोणी मारत नाही. पण किंमत तीच मोजते, तुरुंगात तीच जाते. गणपत वाचतो, मैना नाही. हे मला खटकतं. उपदेश पुरुषाला आणि शिक्षा बाईला, हा आपल्या समाजसुधारक सिनेमांचा जुना रोग आहे.

आता १९५५ वर येऊ. इथे एक गंमत आहे. १९३६ च्या हिंदी देवदासचा कॅमेरामन कोण होता? बिमल रॉय. म्हणजे ज्या माणसाने सैगलचा चेहरा भिंगातून बघितला, पारोवर उजेड टाकला, तोच जवळपास वीस वर्षांनी मुंबईत बसून तीच गोष्ट परत करायला घेतो. तोवर सैगल गेलेले, १९४७ मध्ये. बरुआ गेलेले, १९५१ मध्ये. रॉयनी सिनेमा त्या दोघांच्या स्मृतीला अर्पण केला. रिमेक म्हणजे पैसे कमवायचा सोपा रस्ता असं आपण सहज म्हणतो. इथे मला तसं वाटत नाही. मला ते वडिलांचं घर परत बांधून काढण्यासारखं वाटतं. भिंती तिथेच ठेवायच्या, खिडक्या मात्र आपल्याला हव्या तिथे पाडायच्या.

त्याची टीम बघा. दिलीपकुमार देवदास. सुचित्रा सेन पारो, तिचा पहिला हिंदी सिनेमा. वैजयंतीमाला चंद्रमुखी. संवाद राजिंदर सिंग बेदींचे, गाणी साहिरची, संगीत सचिनदेव बर्मन, संकलन हृषीकेश मुखर्जी. एवढी मंडळी एका श्रेयनामावलीत. सिनेमा संथ आहे, हे आधीच सांगतो. फोन हातात घेऊन बघितलात तर दहाव्या मिनिटाला स्क्रोल करायला लागाल.

देश तोवर बदलला होता. स्वातंत्र्य मिळालं होतं, जमीनदाऱ्या कायद्याने संपत होत्या. पश्चिम बंगालचा तो कायदा १९५३ चा. म्हणजे १९५५ चा प्रेक्षक देवदासचा वाडा बघत होता तेव्हा तो खऱ्या आयुष्यात मोडीत निघालेला वाडा बघत होता. दिलीपकुमारचा देवदास मला म्हणूनच प्रेमात हरलेला कमी आणि निरुपयोगी झालेला जास्त वाटतो. त्याला काही करायचंच नाहीये. काही करावं लागेल असं त्याला कधी कोणी शिकवलेलंच नाही.

खूण? ती रॉयनी ठेवली. पाण्याच्या काठी, तशीच. पण त्यांनी एक नवी खिडकी पाडली. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी कधीच भेटत नाहीत. रॉयच्या सिनेमात रस्त्यात एक क्षण येतो. पारो पालखीत, चंद्रमुखी पायी, समोरासमोर. दोघी एकमेकींकडे बघतात. एक शब्द नाही. पालखी निघून जाते. एकाच पुरुषासाठी झुरणाऱ्या दोन बायका, एक वाड्यातली आणि एक कोठ्यावरची, आणि त्यांना एकमेकींचं नावसुद्धा माहीत नाही.

याला एक शेपूट आहे. फिल्मफेअरने वैजयंतीमालाला सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक दिलं आणि तिने ते नाकारलं. तिचं म्हणणं, माझी भूमिका पारोइतकीच महत्त्वाची आहे, मी सहायक नाही. १९५० च्या दशकात विशीतल्या नटीने हे म्हणणं सोपं नव्हतं. माझ्या मते देवदासच्या पूर्ण इतिहासात चंद्रमुखीच्या बाजूने उभं राहिलेलं हे पहिलं माणूस. आणि ते पडद्याबाहेर उभं राहिलं.

मधली वर्षं पटकन सांगतो. १९५३ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये नागेश्वर राव देवदास झाले, तिकडे आजही अनेकांना तोच खरा देवदास वाटतो. गुरुदत्त, जे पुण्यात प्रभातमध्येच उमेदवारी करून पुढे आले, त्यांच्या १९५९ च्या ‘कागज़ के फूल’मधला दिग्दर्शक देवदास बनवत असतो आणि पारोसाठी चेहरा शोधत असतो, आणि मग स्वतःच दारूत बुडतो. गुलजारांनी सत्तरच्या दशकात धर्मेंद्रला घेऊन देवदास सुरू केला होता, तो अर्धवट राहिला. धर्मेंद्रचा देवदास! मला तो फार बघायचा होता.

आता थोडं बाजूला जातो. मी हा भाग का करतोय ते इथेच सांगायला हवं. आमच्या हॉस्टेलवर एक मुलगा होता. वर्गातल्या एका मुलीने त्याला नाही म्हटलं. मग दाढी, मग रात्रभर गच्चीवर बसणं, मग बाटली. सगळे त्याला देवदास म्हणायला लागले, आणि ते नाव त्याने पदकासारखं मिरवलं. मेसमध्ये त्याला जागा राखून ठेवायचे, टपरीवर चहा पाजायचे, त्याचं ऐकून घ्यायचे. तो तिला रात्री-अपरात्री वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करायचा. ती कुठे जाते, कोणाशी बोलते, सगळी खबर ठेवायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि हे सगळं ‘बिचारा’ या एका शब्दात बसायचं. मुलीने आधी नंबर बदलला. मग ती लेक्चरला यायची बंद झाली, फक्त परीक्षेपुरती दिसायची. तिला कोणी कधी चहा पाजला नाही. तिला काय नाव द्यायचं यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही. ‘तिची पारो झालीय’ असं कोणी म्हणत नाही.

म्हणून मला पारोच्या कपाळाची काळजी.

२००२. संजय लीला भन्साळी. हा देवदास तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असलेला. शाहरुख, ऐश्वर्या, आपली माधुरी. त्या काळातला सगळ्यात महागडा हिंदी सिनेमा म्हणून गाजला, कानच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याचे सेट आपल्या नितीन चंद्रकांत देसाईंचे, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारोचं घर म्हणजे रंगीत काचांचा महाल. आता बघा हं, गोष्टीत पारो हलक्या घरची आहे म्हणून नाकारली जाते, आणि इथे तिचं घर एवढं की त्यात आपलं अख्खं गाव राहील. भन्साळींना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचा प्रेक्षक बदलला होता. देवदास आता कलकत्त्याहून नाही, लंडनहून परत येतो. उदारीकरणाला दहा वर्षं झालेली, मल्टिप्लेक्स येत होती, परदेशातली भारतीय मंडळी डॉलरमध्ये तिकीट काढत होती. त्यांना मोडका वाडा नको होता. नकाराचं कारणही बदललं. कुळाची उतरंड गेली आणि त्याजागी पारोच्या आईकडचं घराणं नाचगाण्यातलं, असं आलं. अपमान आहेच, पण आता तो सजवलेला आहे.

जात किंवा कुळ जरा बाजूला सरकवलं की रिमेक गुळगुळीत होतो, हे आपल्याला मराठी माणसांना वेगळं सांगायला नको. ‘सैराट’ २०१६ चा आणि ‘धडक’ २०१८ चा. दोन वर्षांत काय झालं ते तुम्ही बघितलंत. त्यावर एक पूर्ण भाग होईल, आज नको.

तर भन्साळींनी रॉयच्या त्या मुक्या भेटीचं काय केलं? पारो आणि चंद्रमुखीला एकत्र नाचवलं. ‘डोला रे’. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली, शरच्चंद्रांचा अपमान वगैरे. मी त्यांच्या बाजूचा नाही. १९५५ मध्ये ज्या दोघींना एकमेकींशी बोलायची सोय नव्हती, त्या २००२ मध्ये एका अंगणात, एका तालावर, एकमेकींच्या डोळ्यांत बघून नाचतात. आणि पारो स्वतः कोठ्यावर जाऊन चंद्रमुखीला घरच्या दुर्गापूजेचं आमंत्रण देते. सरोज खानना त्या नाचासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. सिनेमातला सगळ्यात जिवंत संबंध मला तो वाटतो. देवदास त्यात नाहीये.

पण खूण? इथे माझं भन्साळींशी भांडण आहे. गळाची काठी गेली आणि हातात दागिना आला. मोत्यांच्या माळेचा फटका. रक्तसुद्धा सुंदर दिसेल असा उजेड. मार तोच, फक्त तो आता जाहिरातीत शोभेल असा झाला. शरच्चंद्रांची काठी निदान काठी होती. ती वाचताना आपण दचकतो, देवदासचा राग येतो. माळ बघताना आपण ‘वा’ म्हणतो. रिमेकमधला हा सगळ्यात धोकादायक बदल, असं माझं मत. गोष्ट तीच ठेवून टोच काढून घ्यायची.

फाटक मात्र त्यांनी कमाल केलंय. ऐश्वर्या धावतेय, साडीचा लांबच लांब पदर मागे पसरलाय, जिने संपत नाहीत, आणि समोर फाटक लागतंय. बाहेर शाहरुख डोळे मिटतोय. रडलो होतो मी, लपवत नाही.

आणि मग सातच वर्षांनी, फेब्रुवारी २००९ मध्ये, ‘देव डी’. अनुराग कश्यप. कल्पना अभय देओलची, पटकथेत कश्यपबरोबर विक्रमादित्य मोटवानी, जो आधी भन्साळींचा सहायक होता. म्हणजे परत तेच. बरुआंचा कॅमेरामन बरुआंचा रिमेक करतो, भन्साळींचा सहायक भन्साळींना उत्तर लिहितो. हा सिनेमा मोठ्यांसाठीचा आहे, ज्यांचं वय झालं नसेल त्यांनी थांबावं.

इथे पंजाब आहे, उसाची शेतं आहेत, दिल्लीतलं पहाडगंज आहे. आणि मोबाइल आहे. कादंबरीतली ती मध्यरात्र आठवा, पारो एकटी देवदासच्या खोलीत जाते ती. कश्यपची पारो, म्हणजे माही गिल, सायकलला गादी बांधून दिवसाढवळ्या शेतात जाते. गादी! प्रेक्षक हसला, पण विचार करा, ही तीच पारो आहे. शंभर वर्षांपूर्वीही तीच चालत गेली होती, तीच धीट होती. आणि देव तोच, भित्रा. कोणीतरी तिच्याबद्दल काहीबाही सांगतो आणि तो विश्वास ठेवतो. फरक पुढे आहे. ही पारो कुढत बसत नाही. लग्न करते आणि स्वतःच्या लग्नात मनापासून नाचते. नंतर दिल्लीत त्याच्या घाणेरड्या खोलीवर येते, खोली आवरते, कपडे धुते, त्याला वाटतं आता ही आपली. ती त्याला त्याची जागा दाखवते आणि निघून जाते. कपाळावर खूण नाही. फाटकही नाही, कारण ती धावतच नाही.

पण कश्यपने खूण पूर्ण पुसली नाही, ती पारोवरून उचलून चंद्रमुखीवर ठेवली. कल्की केकलाँची लेनी ही शाळकरी मुलगी. तिचा आणि तिच्या मित्राचा खासगी व्हिडिओ फोनवरून सगळीकडे पसरतो. २००४ मध्ये दिल्लीत एका शाळेतल्या मुलीच्या बाबतीत असंच घडलं होतं, देशभर गाजलं होतं, त्याचा धागा इथे आहे. लेनीचा बाप आत्महत्या करतो, घर तिला दूर लोटतं. ती पहाडगंजला पोचते, दिवसा कॉलेज करते, रात्री धंदा. आणि धंद्यासाठी नाव घ्यायची वेळ येते तेव्हा टीव्हीवर काय चालू असतं? भन्साळींचा देवदास. माधुरी. ती म्हणते, माझं नाव चंदा.

१९१७ मध्ये खूण करायला काठी लागली. २००९ मध्ये फोन पुरला. आणि खूण करणारा मुलगा गोष्टीतून केव्हाच गायब, त्याचं काय झालं कोणी विचारत नाही. हे ऐकताना तुमच्या हातात जे यंत्र आहे ना, तेच. २००९ च्या मानाने ते आज कितीतरी पटीने हुशार झालंय.

‘देव डी’चा शेवट काहींना पटत नाही. देव मरत नाही. एका अपघातातून थोडक्यात वाचतो आणि चंदाकडे परत जातो. शरच्चंद्रांच्या गोष्टीत मरण हाच कणा आहे, तो काढला तर उरतं काय, असा आक्षेप. मला तो निम्मा मान्य आहे. चंदाने त्याला का घ्यावं, याचं उत्तर सिनेमा देत नाही. ती मुलगी शिकतेय, सावरलीय, आणि हा गडी गळ्यात. पण देवदासला जिवंत ठेवणं, म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तोंड धुवायला लावणं, हे पुण्याच्या शांतारामांनी सत्तर वर्षं आधी केलं होतं. गणपतने गणवेश चढवला, देवने दारू सोडली. कश्यपच्या डोक्यात ‘माणूस’ होता असा माझा दावा नाही. दोघांना एकाच गोष्टीचा वैताग आला, एवढंच.

आता तुम्ही विचाराल, बघायचे कुठल्या क्रमाने? काळाच्या क्रमाने जाऊ नका, कंटाळाल. आधी ‘देव डी’ बघा, हेडफोन लावून, कारण अमित त्रिवेदीचं संगीत स्पीकरवर वाया जातं. मग २००२ चा, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर. मग ‘माणूस’. चित्र जुनं, पण शांता हुबळीकर पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला खिशात टाकेल. आणि १९५५ चा शेवटी, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तो बघताना पालखीची वाट बघा. चंद्रमुखी रस्त्याच्या कडेला उभी राहते, पालखीतून पारो बघते, आणि तुम्ही घड्याळ लावलंत तर कळेल की तो क्षण किती छोटा आहे.